आमच्या गल्लीच्या पाण्याचा बॉट

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांवर. आई घरकामगार बायकांच्या संघटनेत होती आणि मोर्चाच्या आधी गुलाबी कागदांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली येऊन पडायचे. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला स्वतःच्या नावाच्या आधी लिहिता येत होते. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू हीच माझी वही. त्यामुळे जगात काही चुकत असेल तर ते आधी मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि खाली मागण्या मांडायच्या, हे माझ्या हाडात भिनलं होतं. अजूनही आहे.

कोल्हापुरात आमची गल्ली उताराच्या खालच्या टोकाला आहे. गल्लीच्या तोंडाशी एकच सार्वजनिक नळ. पहाटे त्याच्यापुढे घागरींची रांग लागते. घागर नंबर धरते, पण पाणी आल्यावर घागरीची मालकीण समोर हजर पाहिजे, नाहीतर घागर बाजूला. एकीनं दुसरीचं भरायचं नाही. पुष्कळ भांडणं, दोनदा केस उपटाउपटी झाल्यावर ठरलेला हा नियम आहे आणि तो मोडायची हिंमत माझ्या आईतसुद्धा नाही. पाणी मात्र कधी साडेसहाला यायचं, कधी दुपारी.

याचा सगळ्यात जास्त फटका शेजारच्या मावशीला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. मावशी एका खानावळीत भाकऱ्या करते. खानावळीच्या मालकानं तिला सांगून टाकलं होतं, “सकाळची पाळी कर न्हायतर संध्याकाळची, माझं काय म्हणणं न्हाय. पण सहाच्या आत फोन पायजे. आता परत आयत्या वेळी दांडी मारलीस तर मी दुसरी बाई बघतो.”

सहाच्या आत तिला कळणार कसं? कळायचं फक्त महापालिकेच्या चावीवाल्या मामांना. ते पहाटे टाकीची पातळी बघायचे आणि कुठल्या बाजूला आधी पाणी सोडायचं ते ठरवायचे. ते सांगायचे एका कार्यकर्त्याला. कार्यकर्ता उठायचा आठला. मग त्याच्या फोनवरच्या गटात नेत्याच्या हात जोडलेल्या फोटोखाली ‘साहेबांच्या प्रयत्नातून आज पाणी’ असं झळकायचं. तोवर एकतर पाणी येऊन गेलेलं असायचं, नाहीतर कामाची वेळ टळलेली. मावशीला तर तेही मिळायचं नाही. एका सभेत तिनं गटाराबद्दल विचारलं म्हणून तिला गटातून काढून टाकलं होतं.

पाणी महापालिकेचं, टाकी आमच्या करातून बांधलेली, आणि बातमी मात्र साहेबांची! माझं डोकं फिरलं. मी मामांना गाठलं.

“मामा, तुम्ही आम्हाला सरळ का सांगत नाही?”

“कुणाकुणाला सांगू? नंबर दिला तर दिवसभर शिव्या खाईन की. मला गटाबिटात घालू नगंस.”

गटात नाही घालणार, म्हटलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरी बसून दुकानांच्या वेबसाइटी सांभाळायची. मेसेजच्या ॲपवर एक बॉट बनवता येतो, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामच मेसेज घेतो आणि पुढं पाठवतो. मामांनी पहाटे बॉटला एक ओळ पाठवायची. बॉट ती नोंदलेल्या प्रत्येक फोनवर धाडणार. मामांचा नंबर कुणाला दिसणार नाही, कुणी कुणाला काढू शकणार नाही.

मामांनी मान डोलावली. “एक ओळ लिवतो. दुसरी लिवणार न्हाय.”

आधी बॉट माझ्या जुन्या लॅपटॉपवर चाचणीपुरता चालवला. सोमवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, लॅपटॉप झोपला, बॉटही झोपला. तेव्हा कळलं की याला आपल्या घराबाहेर जागा पाहिजे. मी सर्व्हर भाड्यानं घेतला. कुठल्यातरी लांबच्या शहरात एक मोठं मशीन असतं, त्यातला छोटा कोपरा आपल्या नावावर होतो. तो दिवसरात्र चालू राहतो.

आई म्हणाली, “म्हणजे परगावी खोली घेतलीस. तिथं ऱ्हाणार कोण?”

“बॉट.”

“आणि कडी कुणी लावायची?”

तिनं थट्टेनं विचारलं, पण प्रश्न बरोबर होता. रविवारी दुपारी मी त्या काळ्या पडद्यावर शिरले. तिथं चित्र नाही, बटण नाही, नुसत्या ओळी टाइप करायच्या. सर्व्हर सुरू होऊन तासही झाला नव्हता, तर कुठले कुठले अनोळखी लोक पासवर्ड लावून बघत होते. नोंदींमध्ये ओळीमागून ओळ त्यांचीच. मी पासवर्डनं आत येणं बंद केलं. आता फक्त माझ्या लॅपटॉपमधल्या किल्लीच्या फाइलनं दार उघडतं. नको ती दारं बंद केली, प्रोग्राम चढवला आणि सर्व्हरला बजावलं, हा पडला तर याला परत उठव. तू बंद होऊन सुरू झालास तरी आधी याला उठव. मग मुद्दाम बॉट पाडून बघितला. क्षणात उठून कामाला लागला. मी खुर्चीतच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॉटचा पहिला मेसेज गेला, सहाच्या आत. आणि मावशीची दांडी झाली.

मेसेज वेळेवर पोचला होता. पण मामांच्या ओळीच्या आधी मी माझ्या जोडल्या होत्या. ‘बंधू-भगिनींनो! पाणी ही कुणाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे!’ तिथून सुरुवात. पाणी कधी येणार ते सगळ्यात खाली. मावशीच्या फोनवर वरची एक ओळ तेवढी दिसली. तिला वाटलं मोर्चाचं काहीतरी असेल, तिनं फोन ठेवला आणि खानावळीत काही न कळवता घागरीपाशी जाऊन बसली. पाणी आलं दुपारी.

“लई भारी लिवलंयस गं,” मावशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पण मला पाणी कवा येणार ते पायजे हुतं.”

ती मालकाच्या हातापाया पडून आली. त्यानं आठवडाभर बघतो म्हटलं. मी ओशाळून बसले होते. आईनं फोन हातात घेतला आणि माझ्या एकेका ओळीवर बोट ठेवलं. “हे पत्रकात चालतंय. माणूस चौकात उभा ऱ्हाऊन वाचतो. हितं एका हातात घागर हाय. काढ हे. हे बी काढ.” शेवटी मामांची ओळ तेवढी उरली.

दोन दिवसांनी कार्यकर्ता दारात आला. “ताई, चांगलं काम हाय. वर साहेबांचा फोटो टाकूया, सर्व्हरचं भाडं आमच्याकडं.”

“फोटो येणार नाही.”

“मग मामांना विचारावं लागंल, कुणाच्या परवानगीनं सांगताय म्हणून.”

मामा गप्प झाले तर मावशीचं काम गेलंच. मी भडकले, तोंडात ‘जाहीर निषेध’ आलंच होतं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “दादा, तुझी बायको चौथ्या नंबरला घागर लावती न्हवं? तिला विचारून ये. मग मामांना विचार.”

तो आल्या पावली परत गेला. संध्याकाळी त्याची बायकोच आली. “माझा बी फोन घाल. ह्यांच्या गटात नुसतं हार-तुरं. आणि मामांना कोण काय इचारणार न्हाय, मी सांगिटलंय घरात.”

त्या आठवड्यात मावशीचा एकही फोन चुकला नाही. ‘खालची बाजू आज दुपारी दोन’ असं आलं की ती लगेच खानावळीत कळवायची, “सकाळचीच येती.” सासूला चहा देऊन चालू पडायची आणि दोनच्या आत घागरीपाशी हजर. तिची घागर बाजूला गेली नाही. शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायका येऊन नंबर नोंदवून गेल्या. सर्व्हरवरचा तो कोपरा भरायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

परवा मावशी कामावरून आली ती हसतच. “मालकानं आज सोताहून इचारलं. खानावळीचं पाणी बी त्याच टाकीवरचं हाय म्हणं. माझं नाव घाल म्हणतोय त्यात.”

“मग तू काय म्हटलंस?”

“म्हटलं, घालते की. पण आधी मला कायमची कामावर धरा.”

“आणि?”

“व्हय म्हणाला.”