बंपरसमोरचा चहा

रिमोटने गाडी चालू करणारी यंत्रणा एखाद्या गाडीला बसवून झाली, की भिकनअण्णा चहा मागवायचे आणि तो गाडीच्या बंपरसमोर उभं राहून प्यायचे. पाठ भिंतीला, गुडघ्यांपुढे बंपर, हातात काठोकाठ भरलेला ग्लास. गाडी मुद्दाम पहिल्या गिअरमध्ये टाकलेली. मालकाच्या हातात रिमोट देऊन म्हणायचे, "दाब भो." गिअरमधली गाडी बटणाने चालू झाली तर पुढे उडी मारते, आणि आत ब्रेक दाबायला कोणी नसतं. मालक घाबरत बटण दाबायचा. गाडी गप्प राहिली की अण्णा पहिला घोट घ्यायचे. "आता ने तुझी गाडी."

आम्ही दोघंही धुळ्याकडचे. सुरतेत आधी एकाच कारखान्यात माग चालवले. पुढे अण्णा गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकले आणि कतारगामात त्यांनी पत्र्याची शेड टाकली. ते गाड्यांखाली लोळायचे, पण शर्ट पांढराच घालायचे, आणि संध्याकाळी त्यावर डाग नाही हे चारचौघांना दाखवायचे. मी हातगाडीवर सीट कव्हर विकत विकत दुकानापर्यंत पोचलो. भाव करताना मी सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलेलं नाही. तेव्हा आधीच सांगून टाकतो: या माणसाने माझा एक चालता धंदा बुडवला. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझं मत तेच आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. गाड्यांत एसी आले होते, पण सुरतेच्या उन्हात उभी केलेली गाडी भट्टी व्हायची. बाल्कनीतून बटण दाबलं की खाली गाडी चालू होऊन गार होते, हे ऐकूनच हिऱ्यांचे व्यापारी खूश व्हायचे. मुंबईच्या एका दलालाशी घासाघीस करून मी अशा रिमोटचं अख्खं खोकं उचललं. ते मुळात क्लच नसलेल्या गाड्यांसाठी बनवलेले होते, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अण्णांनी एक डबा उघडून पाहिला. "हे आपल्या गाड्यांना सरळ जोडायचं नाही."

"बाजारात सगळे जोडतायत, अण्णा! दोन तासांचं काम."

"तुले घाई शे, माले नही." रागावले किंवा लाडात आले, की ते अहिराणीवर यायचे. मग मला मागाची आठवण करून दिली. "आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना? कारागिराचं लक्ष असो की नसो. तसं पाहिजे."

त्यांनी जोडणी बदलली. हँडब्रेक ओढल्याशिवाय बटण चालणार नाही. शिवाय ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवूनच खाली उतरायचं, दार लावायचं आणि मग रिमोटने इंजिन बंद करायचं. चालत्या इंजिनावर, क्लचवर पाय नसताना गाडी जागेवर उभी राहिली, म्हणजे ती गिअरमध्ये नाही याची खात्री झाली. चावीने बंद केली, किंवा नंतर कोणी दार उघडलं, की बटण मेलं.

पहिलं गिऱ्हाईक कतारगामचेच एक शेठ. त्यांना पसंत पडलं तर त्यांचे भाऊ, मेव्हणे, सगळा बाजार माझा होता. गाडी द्यायला आम्ही त्यांच्या बंगल्यावर गेलो. गाडीची जागा उताराची, आणि समोरच खाटेवर शेठची आई सुरती पापडीच्या शेंगा सोलत बसलेली. अण्णा म्हणाले, "बा, जरा बाजूला व्हा."

"गाडी एनी जग्याए, हुं मारी जग्याए," बा म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

अण्णा बा आणि बंपर यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर रमणभाईंनी गाडी लावली, उतरले. शेठनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"अरे भाई, आ तो चालतुं नथी!" शेठ माझ्याकडे बघून हसले. माझं डोकं सणकलं. "अण्णा, चार दिवस काय शर्ट धूत होता का?"

अण्णांनी दार उघडून दाखवलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये. रमणभाई उताराकडे बोट दाखवत ऐटीत म्हणाले, "ढाळ छे ने! हुं तो कायम गिअरमां ज राखुं छुं. हँडब्रेकनो शुं भरोसो?"

"बघा शेठ, हा तुमचा सगळ्यात सांभाळून वागणारा माणूस," अण्णा म्हणाले. "बेफिकीर माणसावर सगळ्यांचीच नजर असते. मला याच्यासाठी तारा ओढाव्या लागतात."

इथे थांबायचं ना! पण नाही. त्यांनी बांना हात धरून उठवलं, सगळ्यांना लांब केलं, आपल्या जोडणीतल्या तारा सोडून सरळ जोडल्या आणि बटण दाबलं. गाडीने उडी मारली, रिकामी खाट भिंतीवर आपटली, अंगणभर पापडी. शेठ आईकडे बघत राहिले. शेवटी बाच ओरडल्या, "मारी पापडी!"

शेठनी रिमोट ठेवून घेतला. पण बाजारभर सांगितलं, भिकनभाई बसवणार असतील तरच घ्या. आणि भिकनभाई आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उतार बघणार, ड्रायव्हरशी गप्पा मारणार, पटलं तरच बसवणार! माझं खोकं धूळ खात पडलं. मी भांडलो. "दाखवायची काय गरज होती?" ते म्हणाले, "न दाखवलं असतं, तर तू त्याच रात्री बाकीचे सरळ जोडून विकले असतेस." खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं. पण माझ्या दुकानातून गेलेल्या रिमोटने कुणाच्या अंगणात रडारड झाली नाही. भांडणात हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

साखरेच्या आजाराने अण्णांची नजर गेली, तेव्हा त्यांनी शेड विकून गावी जायचं ठरवलं. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती. खोक्यातला एक डबा घेऊन गेलो. "माझ्या गाडीला बसवा, अण्णा."

"रंग तू सांग, गाठी मी मारतो."

आयुष्यभर भावात खोटं बोललो, पण त्या दुपारी एकेक तार उजेडात धरून मी रंग खरे सांगत होतो. काम संपलं. त्यांनी चाचपडत गिअर टाकला, खाली उतरले, दोन चहा मागवले. मग एक भरलेला ग्लास माझ्या हातात दिला.

"उभा राहा समोर."

"मी? ते तर तुमचं काम!"

"रंग कोणी सांगितले?"

मी उभा राहिलो. पाठीला भिंत, गुडघ्यांपुढे माझीच गाडी. एवढी वर्षं मी भाव चढवत-उतरवत आलो होतो. इथे उतरवायला काही नव्हतं. "अण्णा, ऐका, एकदा ती हिरवी तार..."

त्यांनी बटण दाबलं.

गाडी तशीच उभी होती. चहा मात्र सगळा माझ्या शर्टावर. मी पोळून ओरडलो, तसे अण्णा खदखदून हसले. "गाडी नही हालनी भो, तूच हालना!"

मी चिडून काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी चाचपडत माझा रिकामा ग्लास शोधला आणि एक थेंबही न सांडता आपला अर्धा चहा त्यात ओतला.