मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, गांगुर्डेबाईंच्या वाटेनं

गांगुर्डेबाई भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा उलटा, भिंतीकडे तोंड करून टांगायच्या. "चपटा आहे, खोटं बोलतो," म्हणायच्या. मग पर्समधून शिवणाचा दोरा काढून शाळेच्या एकुलत्या एक पृथ्वीगोलावर ताणायच्या. दोन शहरांतलं अंतर दोऱ्यानं मोजायचं, विमानाच्या वेगानं भागायचं, तास काढायचे. बाई स्वतः विमानात कधी बसल्या नव्हत्या. नाशिकच्या वेशीबाहेरच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलं होतं कोण?

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सातवीत होते. स्कॉलरशिप मिळाली तर पुढची शाळा, नाही तर विड्या वळायच्या, असं घरात ठरलेलं. परीक्षेत विचारलं होतं: मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला सर्वांत जवळचा हवाई मार्ग दाखवा, अंदाजे वेळ लिहा. मी रेघ उत्तर ध्रुवाजवळून नेली. पंधरा तास. छापील उत्तरात रेघ आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला. एकवीस तास. त्या प्रश्नाला मला भोपळा, आणि दोन गुणांनी स्कॉलरशिप गेली.

बाईंनी पृथ्वीगोल जुन्या लुगड्यात बांधला आणि मला घेऊन परीक्षेची कचेरी गाठली.

"बाई, तुम्ही विमानात बसलाय कधी?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. चंद्रावरही गेले नाही. तरी अंतर शिकवते."

दारातला शिपाई फिस्सकन हसला. साहेब चिडले. "तुमच्या वस्तीतली मुलं परीक्षेला बसतात हेच पुष्कळ."

"नुसती बसत नाहीत, बरोबर लिहून येतात. हे टोक मुंबईवर धरा. घट्ट."

साहेबांनी धरलं! बाईंनी आधी त्यांच्या वाटेनं दोरा नेला, सॅन फ्रान्सिस्कोला दातानं तोडला. तोच तुकडा मग ध्रुवाजवळून नेला. जवळजवळ तिसरा हिस्सा लोंबत राहिला.

"हा तुमचा फुकटचा फेरा."

साहेबांनी लोंबता दोरा बोटाला गुंडाळून पाहिला. मग म्हणाले, "अर्ज द्या."

बाईंनी पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. 'कृपा करून' खोड आधी! कृपा कसली? आणि एकटीचं नाव नको. ज्यांनी ज्यांनी हे उत्तर लिहिलं, त्या सगळ्यांचे गुण माग."

तो माझा पहिला अर्ज. सगळ्यांचे गुण वाढले. विड्या वळायला माझ्यासाठी आणलेलं सूप परत गेलं.

बाईंची मात्र बदली झाली, थेट जिल्ह्याच्या टोकाला, सुरगाण्याला. म्हणे 'प्रशासकीय कारण'. लाज नावाची चीज नाही! एसटी स्टँडवर मी रडत होते.

"वही काढ," बाई म्हणाल्या. "मुंबई-दिल्ली विमानाला किती?"

"दोन तास."

"आणि सुरगाण्याला?" हे त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"पाच तास धरा. गावोगाव थांबती. दिवसाला एकच गाडी हाय, बाई."

"लिही यावर," बाई मला म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

एसटीच्या कचेरीला लिहिलं, सुरगाण्याला थेट गाडी द्या. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, गावोगाव सह्या गोळा केल्या. सहा वर्षं गेली. गेल्या महिन्यात थेट गाडी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीला मी खिडकीशी बसले. सुरगाण्याच्या स्टँडवर बाई घड्याळ बघत उभ्या होत्या.

"साडेतीन तास," मला जवळ घेत म्हणाल्या. "अजूनही लई होतात, पोरी. वही आणलीस ना?"