ॲप्रनचा खिळा

दौंडच्या एका छोट्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. मला पाचवा महिना लागला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही छातीवर एक बॅज लावतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. त्या खेपेला माझा रिपोर्ट आला आणि माझं अवसानच गळालं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर! डॉक्टर म्हणाले, "घरी थांबा." सासूबाई म्हणाल्या, "म्या तवाच सांगत व्हते, सोड ती मशीन!" मी पोटावर हात ठेवून नुसती रडत होते.

दोन दिवसांनी मला दवाखान्यात बोलावलं; किरणांपासूनची सुरक्षा तपासणाऱ्या मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या, सकाळी कोरेगाव भीमाचा एक कारखाना उरकून दुपारच्या डेमू गाडीनं. मी दारातच विचारलं, "बाळ नीट हाय ना, तेवढं सांगा."

"मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

असा राग आला! धीराचा एक शब्द बोलायला काय जात होतं बाईचं?

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. कुठं उभ्या राहता? जेवायला जाताना किरणं अडवणारा शिशाचा ॲप्रन कुठं ठेवता? मी दाखवलं, छातीचा फोटो काढायच्या स्टँडशेजारी खिळा होता, त्यावर.

"आणि बॅज?"

"ॲप्रनलाच असतो. हरवू नये म्हणून काढतच नाही."

माझ्या जेवणाच्या वेळेत माझ्याबरोबरचा दुसरा टेक्निशियन त्याच खोलीत एक्स-रे काढायचा. मॅडमनी खिळ्याला किरणं मोजायचा मीटर टांगला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्या टेक्निशियनला बटण दाबायला लावलं. आकडा उसळला. मग तोच मीटर माझ्या जागी, शिशाच्या काचेमागं, पोटाच्या उंचीवर धरला. आकडा ढिम्म. बाकावर बसून त्यांनी हिशेब केला, खोडला, परत पहिल्यापासून केला. चहा गार झाला तरी मान वर नाही.

शेवटी म्हणाल्या, "ती किरणं खिळ्यावरच्या बॅजनं खाल्ली, पोरी. तू नाहीस. बाळाला धोका नाही."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी हातोडी मागितली, खिळा उपटला आणि खोलीबाहेर स्वतः ठोकला. काय बाई होती!

लेक आता शाळेत जाते. पूर्वी एक्स-रेला आलेली एखादी पोटुशी बाई "काही व्हणार न्हाई ना?" म्हणाली, की मी "काही होत नाही" म्हणून मोकळी व्हायचे. आता आधी महिना विचारते, चिठ्ठी बघते, डॉक्टरांना फोन लावते. तोवर तोंडातून शब्द काढत नाही. ती बिचारी चिडते माझ्यावर. चिडू दे.