विहीणबाईंच्या भुताला लाल टॅग

माझा भुतांवर विश्वास नाही, पण भुतांनीही नियमानं वागावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मभर चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होतो. पार्ट निर्दोष असला की हिरवा टॅग, खोट दिसली की लाल टॅग लावून बाजूला! रिटायर झालो तरी सवय जात नाही. (एकदा हिच्या पोळ्याही तपासल्या. पुन्हा नाही तपासल्या.)

तर पुतण्या संदीपसाठी पुनावळ्याला मुलगी बघायला गेलो. पोराच्या शिफ्ट ऐकूनच स्थळं पळायची. हे पहिलंच पोह्यांपर्यंत आलेलं. हिनं गाडीतच बजावलं, "तिथे तोंड फक्त खायला उघडा!"

पोहे झकास होते. पण समोर टीपॉयवर तीच कादंबरी! मेलेला डिटेक्टिव्ह भूत होऊन स्वतःच्या खुनाचा तपास करतो आणि जिवंत फौजदारीणबाई त्याच्या प्रेमात पडते. नुकतीच लायब्ररीतून आणून वाचली होती, डोकं अजून तापलेलं होतं.

"वाचलीत का? कशी वाटली?" मुलीच्या आईनं हसून विचारलं.

आता विचारल्यावर क्वालिटीचा माणूस खोटं बोलेल?

"अहो, भिंतीतून आरपार जाणारं भूत दाराची किल्ली कशाला शोधतं?"

हिनं माझ्या पायावर पाय दिला.

"बरं, बाईला मिठी मारताना मात्र हात आरपार जात नाहीत! तेवढे बरे शाबूत!"

संदीपला ठसका लागला. मला वाटलं, मिरची.

"आणि खुनी कोण ते शेंबड्या पोरालाही कळतं. लेखकालाच तेवढं शेवटी कळतं!"

"लेखिकेला," मुलगी शांतपणे म्हणाली. "टोपणनाव आहे. आईनं लिहिलीय."

अरे, मग आधी सांगायला काय झालं होतं? नाव लपवायचं, पुस्तक पाहुण्यांसमोर मांडायचं आणि वर मत विचारायचं! हा कुठला न्याय?

"मोडलंत पोराचं लग्न!" ही गाडीत कडाडली.

"त्यांनीच विचारलं!"

"म्हणून लगेच टॅग लावायचा?"

संदीप निगडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा मात्र मी स्वतःलाच लाल टॅग लावला.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचाच फोन. होकार! "मुलगा निघताना हळूच माझी माफी मागून गेला," त्या म्हणाल्या. "घरात तुम्ही असून पोरगं इतकं गुणी निघालं, आणखी काय बघायचं?"

लग्न थाटात झालं. पाठोपाठ विहीणबाईंची नवी कादंबरी आली. पहिल्याच पानावर निगडीचे एक टकले, रिटायर्ड काका पोहे खाता खाता मरतात! मी चवताळून फोन केला.

"मारलंत ते मारलंत, निदान भूत तरी करायचं! पुढे कुठेच नाही मी!"

"भूत केलं असतं, तर उरलेली पानं तुम्हीच बोलत बसला असता!"

चूक शोधायला ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. एक सापडेल तर शपथ! हिनं तर त्यावर केव्हाच हिरवा टॅग लावून ठेवलाय.