वाटेत थांबलेलं सैन्य

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे. शनिवारी दुपारी दाराशी चारच जोड दिसायचे. शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना प्रोजेक्टसाठी सहा वाजेपर्यंत बसायची परवानगी सरांनी दिली होती. त्या चौघांत मीही होतो, आणि पहिले काही आठवडे मला ते खरंच वाटत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचं बेंगळुरूच्या शिवाजीनगरात स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं, मागे घर. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. शाळेचं वेळापत्रक लावून देणारा माझा प्रोग्राम फक्त शनिवारी पुढे सरकायचा.

खरं सांगायचं तर आम्ही तिथे गेमही खेळायचो. एका मशीनवर नकाशा, त्यावर चौघांची चार राज्यं, प्रत्येकाची शहरं आणि सैन्य. एकजण आपली पाळी खेळायचा, तोवर बाकीचे पाठ फिरवून आपापल्या प्रोजेक्टला बसायचे. बाहेर ताटकळणारी मुलं बरीच होती, म्हणून आम्हीच नियम केला होता: ज्याचं राज्य बुडेल त्याने शनिवारची खुर्ची सोडायची. मी मान डोलावली तेव्हा आपण हरू शकतो हा विचार माझ्या मनात आला नव्हता. प्रोजेक्ट द्यायला पाच शनिवार उरले होते.

चौघांत एकजण पुण्याचा होता. वडिलांची बदली झाली म्हणून इथे आलेला. लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव कोणतं ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे माझी भाषा त्याला करमणुकीची वाटे.

"तुझं मराठी ऐकलं ना," तो एकदा म्हणाला, "की वाटतं कुणीतरी जुन्या पेटीतून काढून उन्हात घातलंय."

"स्वल्प थांब, पाळी संपू दे माझी," मी म्हणालो.

"स्वल्प म्हणे. जरा म्हण, जरा."

मी ओशाळून हसायचो. घराबाहेर कुणीतरी आपल्याशी मराठी बोलतंय, याचंच मला अप्रूप होतं.

त्या पाचांतल्या पहिल्या शनिवारी त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "ऐक ना. मला तुझी सीमा उघडून दे. या मंड्याच्या गाढवाला मागून गाठायचंय. तुझ्या हद्दीतून गेलो तर चार पाळ्या वाचतात."

मंड्याचा मुलगा, म्हणजे म्हैसूरजवळच्या मंड्या गावाहून आलेला, आमच्यापासून दोन हातांवर बसला होता. त्याचं राज्य माझ्या पलीकडे होतं. चौथा मुलगा नकाशाच्या टोकाला एका बेटावर होता, तो कुणाच्या भानगडीत नसायचा. त्या गेममध्ये एक करार करता यायचा: दोघांचं सैन्य एकमेकांच्या मुलखातून जाऊ शकतं. करार मोडला की परकं सैन्य आपोआप स्वतःच्या सीमेवर ढकललं जायचं; थेट युद्ध पुकारलं तर मात्र ते जिथे असेल तिथूनच लढायचं.

"मग माझं काय?" मी विचारलं.

"तुझं काय म्हणजे? आपण एका भाषेतले. मी तुला हात लावीन का?"

मी 'हो'वर टिचकी मारली.

त्याचे घोडेस्वार आत आले. पुढच्या पाळीत मी पाहिलं, तर ते मंड्याच्या मुलाच्या दिशेने गेलेच नव्हते. माझ्या तीन शहरांशेजारी तीन तुकड्या उभ्या होत्या.

"थांबलेत का रे?"

"दमलेत."

एका टिचकीत करार मोडता आला असता. पण तो काय म्हणेल, संशय घेतो म्हणेल, असं वाटून मी हात मागे घेतला. त्याच्या पुढच्या पाळीत युद्ध सुरू झालं आणि तिन्ही शहरं गेली. मंड्याच्या मुलाच्या सीमेवरचं एकच उरलं. तेवढ्यात सहा वाजले.

"सॉरी हां," तो गेम सेव्ह करत म्हणाला. "पुढच्या शनिवारी चपला काढायची घाई करू नकोस. तुझ्या खुर्चीवर माझा मित्र बसणारेय."

आमच्या घराला पुढे आणि मागे अशी दोन दारं होती. गल्लीतले लोक बस स्टँडकडे जायला सरळ आमच्या घरातून जात, नाहीतर मोठा वळसा पडे. त्याला कुणाची हरकत नव्हती. त्या आठवड्यात शेजारणीचा जावई असाच आला आणि पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकला. आई तांदूळ निवडत होती.

"चाललास की बसलास?"

"बस येईपर्यंत थांबतो की, अक्का."

"बस स्टँडावर येती. इथं येत नाही."

तो पिशवी उचलून गेला. आई पुन्हा तांदळाकडे वळली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मी पुस्तक घेऊन बसलो होतो, पण मला आमच्या नकाशावरचे ते घोडेस्वार दिसत होते. वाट मागणारा चालत राहायला हवा. थांबला की तो वाटसरू नाही. इतकी साधी गोष्ट मी रोज पाहत होतो.

शनिवारी मंड्याचा मुलगा चपला काढत असताना मी त्याला गाठलं आणि कन्नडमध्ये सांगितलं, "तुझ्यावर यायला त्याला मीच वाट दिली होती."

"माहितेय. मराठी कळत नसली तरी नकाशा कळतो."

"आता तुला देतो. त्याचं सगळं सैन्य माझ्या शहरांत बसलंय, शहर जिंकल्यावर तीन पाळ्या हलता येत नाही. सीमा उघडी होती तेव्हा मी त्याचा मुलूख पाहिलाय. राजधानीत कुणी नाही."

"आणि जाता जाता तुझंच शहर घेतलं तर?"

"घेशील. पण त्यात एक पाळी जाईल, तेवढ्यात तो माघारी फिरेल."

त्याने जरा विचार केला. "थांबत नाही," तो म्हणाला.

प्रत्येक पाळीला मी आधी त्याचं सैन्य कुठे आहे ते पाहायचो. ते माझ्या शहराला वळसा घालून गेलं आणि कुठेही थांबलं नाही. तिसऱ्या पाळीत पुण्याच्या मुलाची राजधानी पडली. पाच वाजेपर्यंत त्याच्याकडे काहीच उरलं नाही.

तो उठला. "आपल्या माणसाला कानड्याकडून मारवलंस. लाज नाही वाटत?"

"तू थांबलास," मी म्हणालो.

"काय?"

"वाटेत. थांबलास."

मला वेड लागल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. बुटांच्या नाड्या न बांधताच तो निघून गेला. त्यानंतर माझ्याशी तो इंग्रजीतच बोलला, तेही अगदी नाइलाज झाला तरच. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

मंड्याच्या मुलाचं सैन्य आता माझ्या मुलखातून परत फिरत होतं. त्याने मला कसलाच दगा दिला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा तो मागेच उभा होता. पाठ फिरवायला विसरला होता, की मुद्दामच फिरवली नव्हती, कुणास ठाऊक. त्याच्या देखत मी करार मोडला. त्याचे घोडे पडद्यावरून झटक्यात नाहीसे झाले आणि त्याच्या सीमेवर उमटले.

"सरी," तो कन्नडमध्ये म्हणाला, म्हणजे ठीक आहे. पुन्हा माझ्याजवळ बसला नाही, खुर्ची उचलून पलीकडे गेला.

मला अजून तीन शनिवार हवे होते.