चपला काढून बसणारा मिस्त्री

बारामतीच्या त्या मिस्त्रीनं इंजिन बांधलं, की ट्रायलला तो स्वतः शेजारी बसायचा. बसताना चपला काढायचा आणि उघडे तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवायचा. "इंजन कानाला फसवतं, पायाला न्हाय," म्हणायचा. मग रस्ताभर तळव्यांनीच इंजिन ऐकायचा.

माझ्या जुन्या डिझेल मोटारीचं मीटर केव्हाच फिरून पुन्हा शून्यावर आलं होतं. त्यानं अख्खं इंजिन खोलून नव्यानं बांधलं आणि आम्ही इंदापूर रस्त्याला निघालो. शेळगावच्या अलीकडं त्यानं खाली न बघताच पायांनी चपला ओढून घातल्या. हात दाराच्या हँडलवर ठेवला. गाडी पळतच होती.

"काय झालं, मिस्त्री?"

"काय न्हाय. चालवा तुमी. जरा हळू चालवा."

परत आल्यावर म्हणाला, "झाली गाडी. न्या." पण माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून माझी पोटुशी लेक बाळंतपणाला घरी आणायची होती. ती मागं बसली. मी चपला काढल्या तशी हसली. गाडी सुरू केली. तळव्यांखाली थरथर लागत होती. ती इंजिनाची, की माझ्याच पायांची, ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.