चेरीच्या टेबलाचं पॉलिश

छत्तीस-सदतीस साल असावं. मी नाशिकला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आईबरोबर गंगेजवळ, म्हणजे आमच्या गोदावरीजवळ, माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होते. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई अमेरिकेतून आलेल्या. पंचवीसेक वर्षं इथे काढून त्या आता कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. बोटीला अजून दोन महिने होते, पण सामान वाटायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती. कुणाला कपाट दिलं, कुणाला आरामखुर्ची. मला त्यांनी स्वतःचं लिहायचं टेबल दिलं.

"हे माझ्या वडिलांनी केलेलं आहे," त्या म्हणाल्या. मराठी त्यांचं चांगलं होतं, फक्त 'ळ' कधी जमला नाही. "लाकूड चेरीचं आहे. जाण्याआधी तुमच्याकडे एकदा चहाला येईन. तुम्ही या टेबलावर लिहिताना मला बघायचं आहे."

चेरी मी फक्त वाचनमालेतल्या चित्रात पाहिली होती. टेबल लालसर, गुळगुळीत, एका खणाचं. नक्षी कुठेच नाही. आई त्यावरून रोज फडकं मारायची आणि म्हणायची, "परक्याची ठेव आहे, जप."

मी तीन आठवडेही जपू शकले नाही. शाळेत तपासणी होती, मला घाई होती. जाड चादर घालून मी त्या टेबलावरच पातळाला इस्त्री करायला बसले. कोळशाची जड इस्त्री. खालून कुणी हाक मारली म्हणून इस्त्री तशीच ठेवून दोन मिनिटं गेले. परत आले तेव्हा चादरीतून धूर निघत होता. चादर उचलली तर टेबलावर इस्त्रीच्या टोकाचा काळा ठसा, आणि भोवतीचं पॉलिश सुरकुतून फुगलेलं.

दुसऱ्या दिवशी भद्रकालीच्या देवळापलीकडचे एक पॉलिशवाले घरी येऊन टेबल बघून गेले. चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी ठशावर नख ओढलं. "बाई, आत जळलंय. गडद सागवानी रंग देऊ. डाग झाकला जाईल."

"सगळं टेबल काळं होईल ना?"

"काळंच म्हणा."

आधी खालच्या बाजूला थोडा रंग लावून बघा, असं मी म्हटलं. तासाभराने आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. रंग कुठे काळाकुट्ट बसला होता, कुठे धरलाच नव्हता. ओल आलेल्या भिंतीसारखं दिसत होतं. पॉलिशवाल्यांनी तिथून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे माझ्या ओळखीचं लाकूड नाही. अम्मीला दाखवायला लागेल."

टेबल हातगाडीवर घालून त्यांच्या घरी नेलं. मी मागून चालत गेले. आईने "मुसलमानाच्या घरी एकटी?" असं एकदा विचारलं, मग माझा चेहरा पाहून स्वतःच म्हणाली, "जा."

अम्मा, म्हणजे पॉलिशवाल्यांच्या आई, अंगणात उन्हात बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, समोरचं माणूस त्यांना सावलीसारखं दिसे. चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्यासाठी पॉलिशची लाख भिजवली आणि गाळली. पुढे त्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा घराच्या आत बसून त्या स्वतःच पॉलिश मारायला लागल्या. बाहेर नाव नवऱ्याचंच राहिलं.

त्यांनी दोन्ही तळवे टेबलावरून फिरवले. फुटक्या काचेच्या धारेने खालच्या कडेचा बारीकसा कीस काढला, हुंगला, आणि चक्क तोंडात टाकून चघळला.

"फळाचं झाड आहे," त्या म्हणाल्या.

मी थक्क झाले. चेरीचं नाव मी अजून मुलापाशीही काढलं नव्हतं.

"जांभूळ का?" मुलाने विचारलं.

"नाही रे. जांभूळ तुरट लागतं. याला कडू बदामाचा वास आहे. आपल्याकडचं नव्हे हे." मग माझ्या दिशेने वळून, "बेटी, लाकूड सगळीकडे सारखं पीत नाही, म्हणून रंग फाटतो. याला रंग द्यायचाच नाही."

"मग डाग?"

"डागाचं मागून बघू. आधी काय लावायचं ते ठरव."

खणात त्याच लाकडाची एक सुटी फळी होती. तिच्यावर त्यांनी तीन पट्टे करून घेतले. एकावर सागवानी रंग आणि वर लाख. दुसऱ्यावर नुसतं मेण. तिसऱ्यावर अळशीचं तेल, आणि ते वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली बिनरंगी लाख. पाच-सहा दिवसांनी मी शाळेतून परस्पर तिकडे गेले. रंगाचा पट्टा बघवत नव्हता. मेणाचा मला फार आवडला. मंद, हात लावला तर जिवंत वाटणारा. मी म्हटलं, "अम्मा, हाच."

"तू यावर काय करणार?"

"लिहिणार. वह्या तपासणार."

"चहा पिणार?"

"पिणार."

त्यांनी बोटं पाण्यात बुडवून फळीवर थेंब शिंपडले. थोड्या वेळाने मुलाने पाणी पुसलं. मेणावर थेंबांचे पांढुरके ठिपके उठले होते. तेल आणि लाख लावलेल्या पट्ट्यावर काहीच नव्हतं.

"आता सांग," अम्मा म्हणाल्या.

मी तेल आणि लाख निवडली.

त्याच वेळी पॉलिशवाले फळी उलटसुलट करत म्हणाले, "अम्मी, इथे एक फिकी रेघ आहे. फळी ज्या सुतळीने बांधून उन्हात टांगली होती ना, तिच्या खालची."

"सुतळीखाली फिकं? आणि बाकीचं?"

"बाकीचं लाल झालंय. आणलं तेव्हा इतकं नव्हतं."

अम्मांचा हात फळीवर थांबला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "याला ऊन रंगवतं. अल्लाने याचा रंग याच्या आतच ठेवलाय."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. टेबलावरचं जुनं पॉलिश स्पिरिटने पुसून काढलं. जळका भाग काचेने खरवडला, तेव्हा तिथे नव्या कातडीसारखा फिका गुलाबी चट्टा उघडा पडला. अम्मांनी मुलाला गोणपाट आणायला लावलं. चट्ट्याच्या मापाचं भोक पाडून ते टेबलभर पसरलं, आणि टेबल अंगणात उन्हाला ठेवलं. बाकीचं अंग झाकलेलं, फक्त ती जखम उघडी. कार्तिकातलं स्वच्छ ऊन होतं. रोज शाळा सुटली की मी धावत जायची. चट्टा आधी मधासारखा झाला, मग तांबूस. अकराव्या दिवशी मी गोणपाट उचललं आणि मला तो पटकन सापडेना. मी बोटाने चाचपत होते. अम्मांना ऐकू आलं असावं, त्या हसल्या.

मग तेल लागलं. पहिला हात फिरला तेव्हा लाकडाच्या आतून काहीतरी वर आल्यासारखं वाटलं. बारीक लाटा, रेशमावर असतात तशा, पुढे सरकलं की हलणाऱ्या. मी श्वास रोखून पाहत होते, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

लाखेचं काम अम्मांनी स्वतः केलं. कापसाची पुरचुंडी फडक्यात बांधून ती लाखेत भिजवायची आणि गोल गोल फिरवायची, कुठेही थांबायचं नाही. थांबलं की चिकटते. त्या मान कलती करून पुरचुंडीचा आवाज ऐकत. आवाज बदलला की कळायचं, आता तेलाचा थेंब हवा, आता लाख. मला त्यात काहीच फरक ऐकू येत नव्हता. आठ दिवस हे चाललं. शेवटी टेबलात अंगणातलं आभाळ दिसायला लागलं.

टेबल घरी आणलं आणि ठरल्या दिवशी मोठ्या बाई चहाला आल्या. मी रात्रभर ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि मी सगळं सांगून टाकलं. इस्त्री, धूर, सगळं. त्या चष्मा लावून वाकल्या, पुष्कळ शोधलं.

"कुठे जळलं होतं?"

मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी लहान असताना हे असं दिसायचं. कोणी केलं हे? मला त्यांना भेटायचं आहे."

टांग्याने आम्ही दोघी गेलो. अम्मांनी खाट झटकायला सांगितली. मोठ्या बाईंनी त्यांचे हात हातात घेतले. अम्मांनी विचारलं, "बाई, टेबल कोणी बनवलं?"

"माझ्या वडिलांनी."

"ते डावखुरे होते?"

मोठ्या बाईंनी त्यांचे हात घट्ट धरले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टेबलानेच. वरून सगळं घासलेलं आहे, पण खालच्या बाजूला रंध्याच्या खुणा तशाच आहेत. त्या उजव्या हाताच्या खुणांपेक्षा उलट्या कलतात. माझा हात तिथे जायचा तेव्हा वाटायचं, हा माणूस माझ्या समोरून काम करतोय."

मोठ्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, हे त्यांनी मला नंतर टांग्यात सांगितलं. बोट न मिळाल्याने त्यांना शेवटचं भेटता आलं नव्हतं. आणि टेबलाच्या खाली हात घालून पाहावं, हे त्यांना जन्मात कधी सुचलं नव्हतं.

टांगा आपल्या बंगल्याकडे न नेता त्यांनी माझ्या घराशी थांबवला. "दहा मिनिटं," म्हणाल्या. साठीच्या बाई, गुडघे दुखत असत त्यांचे. तरी जमिनीवर बसल्या, मग सरळ आडव्या झाल्या आणि टेबलाखाली हात नेऊन अंधारात त्या खुणा चाचपू लागल्या. थोड्या वेळाने त्यांचा हात एका जागी थांबला.

आई चहाचं आधण ठेवायला उठली होती. मी तिला खुणेने थांबवलं आणि आम्ही दोघी दार लोटून बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो.